केरळला जाण्याआधीचा फोटो

अम्मा, तुमच्या त्या नव्या पास्टरने परवा कबरीपाशी जे विचारलं, ते विचारायला नको होतं.

माणूस वाईट नाही. तरुण आहे, केरळातून नुकताच आलाय, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तुझ्या लेकीने, सूजीने माती टाकली, गावाहून आलेल्या तुझ्या भावाने टाकली, मग ह्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "अन्नम्मा सिस्टरच्या सेवेतून जे कोणी प्रभूकडे आले, त्यांनी आता पुढे यावं." अर्धी तांडापेठ तिथे उभी होती गं. ज्यांची बाळंतपणं तू केलीस त्या बाया, ज्यांना इंजेक्शनं टोचलीस ते म्हातारे, आमच्यासारखी तुझ्या ओट्यावर अभ्यास करून मोठी झालेली पोरं. सगळे मुंड्या खाली घालून. पास्टर थोडा थांबला आणि परत म्हणाला, "या, लाजू नका." लाजू नका म्हणे! कोणी पाऊल उचललं नाही. शेवटी तुझा भाऊच खाकरला आणि त्याने पुढचं गाणं सुरू केलं.

मी माझ्या आईजवळ उभी होते. धरणीमायने पोटात घ्यावं असं झालं मला. कोणाचं काही चोरलं नाही, कोणाला फसवलं नाही, तरी चोरासारखी उभी होते. तू अख्खी उमर आमच्या गल्लीत काढलीस, आणि शेवटी तुझ्या देवाच्या माणसाने विचारलं की हिच्या पदरात काय पडलं, तर उत्तर म्हणून आम्ही. तिथे पुढे होऊन खोटं खोटं माती टाकावी असंही एकदा मनात आलं. पण तुला ते चाललं नसतं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. का माहीत आहे, तेच लिहायला बसले आहे.

आणि तुला म्हणून सांगते, रागही आला. पास्टरचा आला, तुझ्या देवाचा आला, अन् सगळ्यात जास्त तुझा आला. इतकी वर्षं होतीस, एकदा तोंडाने सांगून जायचंस ना, की पुष्पा, माझं इथे येणं वाया गेलं, किंवा नाही गेलं. आता मी कोणाला विचारू?

तुम्ही आमच्या शेजारी राहायला आलात तेव्हा मी कांड्या भरणारी पोट्टी होते. शाळेतून आलं की बाबांच्या मागासाठी सूत कांडीवर गुंडाळत बसायचं, हेच काम. तुझे यजमान, पास्टरसाहेब, मराठी कुठेतरी पुस्तकातून शिकून आले होते. चौकात उभे राहून "प्रिय बंधुजनहो" म्हणत, तेव्हा लोक माग थांबवून ऐकायला येत, कारण असं मराठी आमच्याकडे फक्त शाळा तपासायला आलेले साहेबच बोलत. भाषण झालं की सगळे त्यांना रामराम करत आणि परत मागावर जाऊन बसत. तू मात्र मराठी शिकलीस ती माझ्या आईकडून, नळावर. म्हणून शेवटपर्यंत तुझं आपलं "मले-तुले". मी मास्तरीण झाले, मला-तुला करायला लागले, तर तू चिडवायचीस, "पाह्य वं सरू, तुही पोट्टी कशी साहेबावानी बोलून राहिली."

तुमच्या त्या रजेबद्दल मला लहानपणी फार अप्रूप होतं. केरळातल्या ज्या चर्चने तुम्हाला इकडे धाडलं होतं, तिथे दर काही वर्षांनी जाऊन यायचं. सगळे त्याला रजा म्हणत. कसली रजा बापा! ती तर परीक्षा होती. गावोगावच्या चर्चमध्ये उभं राहून सांगायचं की नागपुरात काय केलं आणि किती जण आले. पहिल्या रजेला तुम्ही नवखे होतात, "पेरणी चालू आहे" एवढ्यावर निभावलं. मी सांगते आहे ती दुसरी रजा, मी मॅट्रिकला होते तेव्हाची.

किती आधीपासून तुझी तयारी! पत्र्याची पेटी ओट्यावर काढून उन्हात ठेवलेली. माहेरच्यांसाठी आमच्याकडची तुरीची डाळ, संत्र्याची बर्फी. सूजीला मल्याळममधून स्तोत्र पाठ करून तिथल्या लोकांसमोर म्हणायचं होतं आणि तिला तर घरातसुद्धा नागपुरीच सुचायची. रोज संध्याकाळी रडारड. एकदा वैतागून म्हणाली, "काहून पाठ करू? तिथल्या देवाले मराठी समजत नाई का?" तू तोंडाला पदर लावून हसलीस आणि मग तिला एक धपाटा घातलास. तुझ्या आईसाठी तुला बाबांकडून पांढरं कापड विणून हवं होतं. बाबा दचकले. "पांढरं? तुहा बाप हाये ना जिता?" तू समजावलंस की आमच्याकडे ख्रिस्ती बाया वय झालं की पांढरंच नेसतात, नवरा असला तरी. "अजब मुलूख हाये बापा," म्हणत त्यांनी विणायला घेतलं, पण काठाला एक बारीक लाल धागा घातलाच. अगदी कोरं कापड त्यांच्या हातून होईना.

जायचे दिवस जवळ आले तशी तू बोलेनाशी झालीस. एका दुपारी तू आणि आई आमच्या अंगणात डाळ निवडत बसला होतात, मी दारात पुस्तक घेऊन. तू एकदम म्हणालीस, "सरू, या वक्ती परत येनं होते का नाई, मले माहीत नाई."

"काहून वं? नागपूर आवडत नाई आता?"

"आवडून काय करतं. थे लोक इचारतीन, इतक्या वर्सांत किती आले. मी काय सांगू? एक बी नाई. मंग म्हनतीन, तिथं कायले बसता, दुसऱ्या गावी जा."

आईचा हात सुपातच थांबला. "एक बी नाई म्हंजे? आमी हावो ना. आमी काय कमी हावो?"

तू हसलीस. ते हसू मला कळलं नाही तेव्हा. "तसं नसते वं, सरू," एवढंच म्हणालीस.

आई ते पोटात ठेवणारी नव्हती. दिवेलागणीला तिने बाबांना मागावरून उठवून सांगितलं. बाबा म्हणजे काय, साधा हिशेब. "मंग त्यात काय अवघड हाये? पोरगी पाह्यला पाहुने आले की शेजारच्या घरून खुर्च्या आनतो का नाई आपन? चादरी आनतो, कपबश्या आनतो. आता त्याहीच्या घरी पाहुने इचारून राहिले, मानसं दाखवा. तं आपन जाऊ. रांगेनं उभं राहू, फोटो काढून देऊ." कोणीतरी म्हणालं, हे खोटं नाही का होत? बाबा भडकले. "कायचं खोटं गा? आपन त्याहीचे नाई तं कोनाचे?"

अम्मा, त्यानंतर ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, हे तुझ्या लक्षात येतंय का? शेजाऱ्याची लाज ती आपली लाज, एवढंच आमच्या लोकांना समजत होतं. देव बदलणं म्हणजे काय असतं, ते त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

त्या रविवारी सकाळी आमची गल्लीच्या गल्ली तुमच्या ओट्यासमोर आली. पुरुषांनी धुतलेले धोतर-सदरे घातलेले, कपाळावरचं गंध पुसून टाकलेलं. बायांनी ठेवणीतली लुगडी काढलेली. बाबांच्या ओळखीचा इतवारीतला फोटोवाला यायचा होता, तो अजून आला नव्हता. पास्टरसाहेबांनी दार उघडलं आणि पाहतात तर ही सगळी माणसं, आंघोळी करून, चपला काढून, शांत उभी. रविवारची प्रार्थनेची वेळ. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्यांना वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी झालं. त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि आत तोंड करून हाक मारली, "अन्नम्मा! अन्नम्मा!" आवाज फाटला त्यांचा.

आणि बाबा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, फोटोसाठी आलो जी."

ते ऐकल्यावर पास्टरसाहेब खाली बसले. नुसते पायरीवर बसले. आजही ते आठवलं की माझे कान तापतात. आम्ही काही वाईट करायला गेलो नव्हतो. पण माणसाला पोटभर जेवणाचा वास देऊन रिकामं ताट पुढे करावं, तसं केलं आम्ही.

तू हात पुसत बाहेर आलीस. बाबांनी तुला सगळं समजावून सांगितलं, खुर्च्यांच्या उदाहरणासकट. तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. मग फोटोवाला आला, आणि फोटोवाले कधी कोणाचं ऐकतात? "बाया खाली बसा, बुट्टे पुढं या, उंच मानसं मांगं." माझी आई मधोमध बसली. उघड्या दारातून तुमच्या भिंतीवरची तसबीर दिसत होती, तुझ्या माहेरच्या बायांची. सगळ्यांची कपाळं मोकळी. आई तिकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "थांबा जराक. असं तं खोटं दिसन," आणि पदराचं टोक घेऊन तिने कुंकू पुसून टाकलं.

नवरा दहा हातांवर उभा असताना, अम्मा. बाबा पांढरे पडले. खुर्च्यांचा हिशेब त्यांनी केला होता, हा नव्हता केला. "सरे!" एवढंच ओरडले. आणि आईच्या मागच्या बायांचेही हात कपाळाकडे जायला लागले, कारण आई करेल ते त्या करायच्या.

तू पायऱ्या उतरलीस त्या उतरलीस की पडलीस, मला अजून कळत नाही. मल्याळममध्ये काहीतरी ओरडत होतीस. मागच्या बाईचा हात धरलास, दुसरीचा धरलास, आणि मला म्हणालीस, "पुष्पा, पय! करंडा आन!" मी पळाले. आणलेला करंडा तू उघडलास. तुला ते कसं लावतात तेही धड माहीत नव्हतं. माझी आई डोळे मिटून बसलेली आणि तू, आमच्या सगळ्यांनी कुंकू आणि मूर्ती सोडून तुझ्या देवाकडे यावं म्हणून रोज गुडघे टेकणारी तू, तिच्या कपाळावर कुंकू लावत होतीस. भलं मोठं झालं ते, कडेने सांडलेलं. मग लाल झालेली बोटं कुठे पुसावी ते तुला कळेना, तू ती स्वतःच्या साडीला पुसलीस. पास्टरसाहेब पायरीवरून सगळं बघत होते.

"आता काढ," तू फोटोवाल्याला म्हणालीस. "हे असेच काढ."

त्या फोटोत पास्टरसाहेब अगदी टोकाला उभे आहेत. तू दिसत नाहीस. कितीही बोलावलं तरी तू रांगेत आली नाहीस.

स्टेशनवर बाबांनी तुमची पेटी डोक्यावर घेतली होती. गाडी सुटेपर्यंत तू आईशी बोललीस, पास्टरसाहेबांशी नाही. पुढचं मला सूजीने मोठेपणी सांगितलं. तिथे चर्चमध्ये पास्टरसाहेबांनी तोच फोटो दाखवला आणि म्हणाले, "हे आमचे शेजारी. ह्यांच्यातलं अजून कोणी आलेलं नाही." एका वडीलधाऱ्याने विचारलं, ह्या मधल्या बाईच्या कपाळावर एवढं काय आहे? तर ते म्हणाले, "ते माझ्या पत्नीने लावलंय." का लावलं, तेही सांगितलं. ज्यांना जे समजायचं ते समजलं. त्या चर्चने तुमच्यावरून हात काढून घेतला, आणि तुम्ही तरीही परत आलात. पास्टरसाहेब जरीपटक्याला एका शाळेत गणित शिकवायला लागले. तू एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून उभी राहिलीस, दिवसपाळी रात्रपाळी. रविवारी ओट्यावर प्रार्थना चालूच, पण तिला यायच्या त्या केरळच्या नर्सेस. आमची गल्ली आपापल्या ओट्यांवरून ऐकायची.

तेव्हा मला नुसता आनंद झाला होता. आमच्यासाठी परत आले म्हणून मी वर्गात सांगत सुटले होते. लाज हळूहळू आली. पाळी करून तू सुजलेल्या पायांनी यायचीस, तेव्हा आली. पास्टरसाहेब सदऱ्याची कॉलर उलटून शिवायचे, तेव्हा आली. आम्ही ह्यांचं सगळं घेतलं, आणि ज्या एका गोष्टीसाठी हे आले तीच दिली नाही. ती देता येत नव्हती, हेही खरं. पण देता येत नाही म्हणून लाज कमी होते असं थोडंच आहे?

एकदा मी प्रयत्न केला होता, आठवतं? नोकरीला नुकती लागले होते. तुला म्हटलं, अम्मा, मला शिकव प्रार्थना कशी करतात. तू इतकी घाबरलीस की तुला काय करावं सुचेना. स्वयंपाकघराचं दार लोटलंस, दोघी खाली बसलो. तू थोडं बोललीस, मग मला म्हणालीस, आता तू बोल. मी डोळे मिटले. मला बाहेरच्या मागांचा आवाज येत होता, कुकरचा वास येत होता, बस. खूप वेळाने तू विचारलंस, "काई वाटलं?" मी खोटं बोलणार होते. तुझ्यासाठी बोलणारच होते. पण तुझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही." तू उठून लोटलेलं दार उघडलंस. मग म्हणालीस, "बरं झालं खरं बोलली. चाय मांड." चहाचं आधण उकळेपर्यंत मी तुझ्याकडे पाठ करून उभी होते, कारण मला रडू आवरत नव्हतं. तुलाही आवरत नसावं, तू नाक ओढत होतीस.

एक गोष्ट मात्र मी कित्येक वर्षं पाहत होते आणि चुकीची समजत होते. तुमचं ते प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. पास्टरसाहेब ताटली घेऊन एकेकाकडे जायचे. तुझ्यापाशी आले की थांबायचे. तू मान खाली घालायचीस. ते आणखी थोडं थांबायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं उपास असेल, आमच्याकडे बाया करतात तसा. पास्टरसाहेब जाईपर्यंत हे चाललं. ते गेल्यावर दुसऱ्या पास्टरसमोरही चाललं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात सूजीने मला बाहेर बोलावून सांगितलं, "पुष्पाताई, अम्मा आताही भाकर घेत नाही. तू विचार. तुझं ऐकते." मी आत येऊन विचारलं. तू भिंतीकडे पाहत सांगितलंस, जशी काही साधी गोष्ट.

"मी माह्या हातानं लावलं ना वं ते कुंकू. माह्या देवासाठी घर सोडून आली होती इथं. साऱ्या उमरीत एक दिवस त्याच्या बाजूनं उभं राहाचं काम पडलं, तं मी सरूच्या नवऱ्याचं पाह्यलं. पाप केलं का पुन्न केलं, मले अजून समजलं नाई. समजल्याबिगर ताटलीले हात कसा लावू?"

माझं डोकं फिरलं. मी भांडखोर, तुला माहीत आहेच, पण दवाखान्यात मी असं ओरडायला नको होतं. "असा कसला गं तुझा देव? एवढंही कळत नाही त्याला? माझ्या आईच्या जिवासाठी लावलंस तू, आणि तो तुला उपाशी ठेवतो?" शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तू माझ्याकडे वळलीस, आणि तुझ्या अंगात तेव्हा बळ नव्हतं तरी आवाज असा होता की मी गप्प झाले. "माह्या देवाले काई नको म्हनू, पुष्पा. मले म्हन." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलंस. मी पिशवी उचलून निघून आले. आपलं शेवटचं भांडण ते. ते मिटलं नाही, अम्मा. तुझं बरोबर की माझं, हे मला आजही माहीत नाही, आणि माझं बरोबर असलं तरी तसं बोलल्याची लाज जात नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिला हे काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी. "चाल, अन्नाबाईकडं जाऊ."

आम्ही पोचलो तेव्हा तो तरुण पास्टर आलेला होता. त्याच्याकडे लहानशी डबी, तीत भाकर आणि छोटा पेला. त्याने विचारलं, तू मान हलवलीस, नाही. तो डबी मिटायला लागला, आणि माझी आई पुढे झाली. "थांब गा बावा." बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, तिचं कपाळ आता तसंही मोकळं. तिने हात जोडले. कुठे पाहून जोडावे ते तिला कळेना, मूर्ती नाही की फोटो नाही. शेवटी तिने त्या डबीकडे पाहून जोडले आणि सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात बोलायला लागली.

"येशूबाबा, मी सरू, तांडापेठेतली. तुले माहीत असन, हे रोज तुले माह्यं नाव सांगत असन. तं आयक. कुंकू मी पुसलं होतं. हिनं फक्त लावून देल्लं, अन् माहा धनी त्याच्यामांगं इतके वर्सं जगला. हिनं तुह्यासंग काई बेइमानी केली नाई. चूक माही हाये. राग असन तं माह्यावर काढ. हिले कायले उपाशी ठेवतं गा?"

मी आईचा पदर ओढत होते. "आई, गप बस ना, असं नसतं." शरमेने मेले होते मी. पास्टर, वॉर्डातल्या बाया, सूजी, सगळे पाहत होते. आणि तू रडत होतीस. मग तू पास्टरकडे पाहिलंस आणि तोंड उघडलंस.

त्याने तुझ्या जिभेवर भाकरीचा तुकडा ठेवला. पेला ओठांना लावला. तू डोळे मिटून घेतलेस.

झालं असं वाटलं मला. पण आईने एवढं बोलल्यावर, आता रीतच ती तिच्या दृष्टीने, उजव्या हाताखाली डावा हात धरून ओंजळ पुढे केली. देवापुढचं आहे, घेतल्याशिवाय कसं निघायचं? पास्टर गोंधळला. त्याने डबीकडे पाहिलं, सूजीकडे पाहिलं. मी म्हणणार होते की आई, ते आपल्याला नसतं. पण अम्मा, मला वाटलं, आता तरी दे. तूच सांग त्याला, दे म्हणून. ह्याच्यासाठीच तर आली होतीस ना? माझी आई तुझ्या देवापुढे हात पसरून उभी आहे, तुझ्या डोळ्यांदेखत. एक शब्द बोल.

तू हात लांब केलास. आईचा पसरलेला तळवा धरलास.

"नको, सरू," तू म्हणालीस. "तू माह्यासाठी घेऊन राहिली. त्याच्यासाठी नाई. असं नको घेऊ." आणि तिची बोटं एकेक करून तू मिटवलीस आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवलीस, झोप लागेपर्यंत.

त्यानंतर तू काही बोलली नाहीस, कोणाशीच.

रिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती. हात मांडीवर, मूठ तशीच. घर आलं, उतरताना तिला धरायला मी हात पुढे केला, तर तिने डावा हात दिला.

"आई, सोड ना आता मूठ," मी म्हटलं. "काही नाही त्यात."

"राहू दे," ती म्हणाली. "तिनं मिटली हाये."